अपडेटनंतर आवाजाला न जुमानणारे दिवे: माझा अनुभव
एका सकाळी "बैठकीतला दिवा लाव" या आज्ञेला स्मार्ट स्पीकरने "असे उपकरण सापडले नाही" असे उत्तर दिले. आईला उठून बटणापर्यंत जाणे अवघड असल्यामुळे ती आवाजावरच अवलंबून आहे. म्हणूनच ज्या अपडेटमुळे हे घडले, ते पूर्वसूचनेविना करणे मला गंभीर चूक वाटते.

राउटर व दिवे बंद-चालू करून उपयोग झाला नाही. हबच्या (घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र जोडणाऱ्या यंत्राच्या) नोंदी वाचल्यावर समजले की रात्री त्याचे फर्मवेअर (यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर) आपोआप अद्ययावत होऊन उपकरणांचे ओळखक्रमांक बदलले होते, आणि स्पीकरमधील आवाजी सहायकाकडे मात्र जुनीच यादी उरली होती. मी ती उपकरणे यादीतून काढली, नव्याने शोध घेतला आणि प्रत्येकाला पूर्वीचेच नाव व खोली दिली. सर्वाधिक वेळ रुटीन (ठरवून दिल्याप्रमाणे आपोआप होणाऱ्या क्रिया) पुन्हा जोडण्यात गेला, कारण नाव तेच असले तरी माझ्या व्यवस्थेतील रुटीन ओळखक्रमांकावरच बांधलेले होते.

त्यानंतर हबचे स्वयंचलित अपडेट मी बंद केले. सुरक्षेच्या दुरुस्त्या टाळणे धोक्याचे असल्याने दर महिन्याला बॅकअप घेऊन त्या स्वतः बसवतो. शिवाय आईच्या पलंगाशेजारी झिगबी या बिनतारी तंत्रज्ञानावर चालणारे बटण लावून ते थेट दिव्याशी जोडले आहे, त्यामुळे इंटरनेट किंवा हब बंद असतानाही दिवा लागतो.