तंतुवाद्यांतून कृष्णवर्णीयांचा इतिहास: मुलांसाठी चार आठवड्यांचा वर्ग

हा इतिहास शिकवताना आधी कान, मग हात आणि तारखा सगळ्यांत शेवटी, हा क्रम मोडू नका. चरित्राने सुरुवात केली की मुलं नावं पाठ करतात आणि संगीत मागे राहतं.

खालची आखणी 9 ते 13 वर्षांच्या आठ-दहा मुलांसाठी आहे; आठवड्याला 45 मिनिटं. सामान थोडंच लागतं: बरा स्पीकर, एक व्हायोलिन (निदान शिक्षकाला वाजवता यावं), जगाचा नकाशा आणि सालं लिहायला कागदाची लांब पट्टी. ऐकवायचा तुकडा दीड मिनिटापेक्षा मोठा नको. तोच तीनदा ऐकवा, दर वेळी वेगळा प्रश्न विचारून.

पहिल्या आठवड्यात वाद्य पेटीतच राहू द्या. 1739 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांच्या ढोल आणि शिंगं वाजवण्यावर बंदी घातली. पण मांड्या, छाती, टाळ्या आणि पाय कोण हिरावून घेणार? अंगावर वाजवायच्या त्या तालाला जुबा म्हणतात. अशा नृत्यसंगीतात वारंवार येणारी एक लय मुलांकडून करून घ्या. आठ मात्रा मोजा. पाय 1 आणि 5 ला, टाळी 1, 2, 4, 5, 7 ला. आधी नुसते पाय, मग नुसती टाळी, मग दोन्ही. मेट्रोनोम 40 वर ठेवा, एका ठोक्याला एक पाऊल. जमलं की 60. घोळ हमखास होतो तो चौथ्या मात्रेवर. मुलं ती टाळी तिसऱ्यावरच देतात, कारण तिथे ती सरळ पडते, आणि लयीचा झोल निघून जातो. उपाय सोपा आहे: तिसऱ्या मात्रेला, तालात खाली दाखवतात तसा तळहात हवेत उघडायला लावा. मग कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस यांच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटचा (दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना; 1935) तिसरा भाग लावा. त्याचं नावच 'जुबा' आहे. मुलांचे पाय आपोआप हलू लागतील.

दुसरा आठवडा सगळ्यांत भरगच्च, त्याला 45 मिनिटांच्या दोन तासिका लागल्या तरी द्या. 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' हे गुलामगिरीच्या काळातून आलेलं भक्तिगीत. त्याचं धृपद व्हायोलिनच्या डी आणि ए या दोन तारांवर पहिल्या पोझिशनमध्ये (डावा हात मानेच्या टोकाशी) बसतं. डी तारेवरच्या तिसऱ्या बोटाला सा धरा. मग ग म्हणजे ए तारेवर पहिलं बोट, खालचा ध डी तारेवर पहिलं बोट, खालचा प मोकळी डी. पहिली ओळ अशी: ग सा, ग सा सा, खालचा ध, खालचा प. डीवरचं तिसरं बोट नेमकं पडलं तर शेजारची मोकळी जी तार थरथरते. मुलांना ती थरथर डोळ्यांनी बघायला सांगा, सूर लवकर सुधारतो. 'लो' हा स्वर लांब आहे आणि तिथे हमखास बो (गज) संपतो. तो बुडाशी सुरू करून हळू ओढायचा. भूप शिकलेली मुलं सूर लगेच ओळखतील. ओळखू द्या, पण मींड आणि आलाप लावू देऊ नका.

ही गाणी जगभर पोचवली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने, फिस्क ज्युबिली सिंगर्सनी. 1871 मध्ये त्यांनी आपल्या विद्यापीठासाठी पैसे जमवायला दौरे सुरू केले आणि 1873 मध्ये ते इंग्लंडात गायले. त्याच 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. पट्टीवर दोन्ही शेजारीशेजारी लिहा. प्रत्येक भक्तिगीत म्हणजे पळून जाण्याचा गुप्त नकाशा होता, असं मात्र सांगू नका; इतक्या सरसकट विधानाला पुरावा नाही.

आता प्राइस यांच्या 'फाइव्ह फोकसाँग्ज इन काउंटरपॉइंट'मधली याच गाण्याची रचना ऐकवा. मुलांचे चार गट करा, प्रत्येकाला एक वाद्य. आपल्या वाद्याकडे चाल आली की हात वर. व्हायोला आणि चेलो यांची गल्लत होणारच, म्हणून दोन्हींची सर्वांत खालची तार आधी वेगळी ऐकवून ठेवा. त्यानंतरच प्राइस यांची हकिगत सांगा: 1887 मध्ये लिटल रॉकला जन्म, 1927 मध्ये तिथल्या वर्णद्वेषी हिंसाचारामुळे शिकागोला स्थलांतर, 15 जून 1933 रोजी शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाने त्यांची पहिली सिम्फनी वाजवली, आणि 2009 मध्ये सेंट अ‍ॅन गावातल्या पडक्या घरात त्यांची हस्तलिखितं सापडली. लहानांना 'तिथे राहणं जिवावरचं होतं' एवढं पुरे. बारा वर्षांपुढच्या मुलांना जमावाने केलेल्या हत्यांबद्दल सरळ सांगा.

तिसरा आठवडा फ्रान्समधले व्हायोलिनवादक आणि संगीतकार शेव्हालिए द सँ-जॉर्ज यांचा. जन्म 1745, ग्वाडेलूप. आई नानों ही गुलाम, वडील मळेमालक. त्यांच्या पहिल्या संचातली क्वार्टेटं प्रत्येकी दोनच भागांची, म्हणून मुलांना झेपतात. 1776 मध्ये पॅरिस ऑपेराच्या प्रमुखपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा काही गायिकांनी त्यांच्या वर्णावर बोट ठेवून राणीकडे अर्ज केला आणि पद हुकलं. त्यांना 'काळा मोझार्ट' म्हणू नका. ते मोझार्टपेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. आणि मळ्याचं, गुलामांच्या बाजाराचं नाटुकलं कधीही बसवू नका. अशा वेळी वर्गातल्या सावळ्या मुलावरच नजरा वळतात.

चौथ्या आठवड्यात आधी चित्र, मग सूर. कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांच्या 'गॅमिन' या मुलाच्या अर्धपुतळ्याचा फोटो दाखवा. हा मुलगा चालेल कसा, ते मुलांना चालून दाखवायला सांगा. मग कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल यांच्या व्हायोलिन-पियानो सूटचा (अनेक भागांची रचना; 1943) तिसरा भाग लावा. तो याच पुतळ्यावरून सुचलेला आहे. 1923 मध्ये फ्रान्समधल्या उन्हाळी कलावर्गाने सॅव्हेज यांना वर्णामुळे नाकारलं होतं. 'गॅमिन'मुळे 1929 मध्ये शिष्यवृत्ती मिळून त्या पॅरिसला शिकायला गेल्या. शेवटची दहा मिनिटं आजच्या संगीतकार जेसी माँटगोमेरी (जन्म 1981) यांच्या 'स्ट्रम' या तंतुवाद्यांच्या रचनेसाठी राखा, नाहीतर मुलांना हे सगळे संगीतकार केव्हाच होऊन गेले असं वाटतं. ज्यांच्याकडे व्हायोलिन आहे त्यांनी ते गिटारसारखं आडवं धरून अंगठ्याने मोकळ्या तारा छेडाव्यात, पहिल्या आठवड्याच्याच लयीत.