निवटीचा वंश कसा ओळखावा: रंग सोडा, दात पाहा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सर्वांत सोयीचा समुद्र म्हणजे आपल्याच तापीचे मुख. भुसावळ-सुरत गाडीने जाऊन डुमसच्या बाजूला ओहोटीच्या वेळी पोहोचले की ओल्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारे, डोक्यावर फुगीर डोळे असलेले लहान मासे दिसतात. कोकणात त्यांना निवटी म्हणतात आणि सुरतेच्या बाजारात लेवटा. हे मासे गोबी गटातले आहेत, परंतु ते सगळे एका वंशाचे (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाचे, genus) नाहीत. प्रयोगशाळांतल्या जुन्या बरण्यांवर सरसकट ‘पेरिऑफ्थॅल्मस’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि ती अनेकदा चुकीची असते. विकत आणलेला लेवटा तर बहुधा बोलिऑफ्थॅल्मस असतो. हा वंश खात्रीने कसा ओळखावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

नमुना गोळा करण्याबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वाधिक असल्यामुळे पाणी उतरत असतानाच चिखलात जावे, स्थानिक मच्छीमार बरोबर असावा आणि पाणी वळण्याआधी परत यावे. वेळ नसेल तर बाजारातून जिवंत मासे घ्यावेत.

मासा गोबीच आहे ना, ही खातरजमा एका नजरेत होते. पाठीवर दोन वेगळे पर असतात. खडकाळ किनाऱ्यावरच्या ब्लेनी माशाच्या पाठीवर बहुधा एकच सलग पर असतो आणि त्याचे पोटाखालचे पर छातीच्या परांच्याही पुढे, गळ्यापाशी असतात. तापीच्या डोहात मिळणारा ग्लॉसोगोबियस गियुरिस हाही गोबीच आहे, पण त्याचे डोके चपटे असते आणि निवटीसारखे डोळे वर उचलून खाली खोबणीत ओढून घेणे त्याला जमत नाही.

पोटाखालचे पर जोडले जाऊन वाटी झाली आहे की नाही यावरून निवटीचा वंश ठरवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो मानू नये. बोलिऑफ्थॅल्मसमध्ये ही वाटी पूर्ण असते हे खरे आहे, पण पेरिऑफ्थॅल्मसच्या काही जातींत हे पर जवळजवळ सुटे आणि काहींत चांगले जोडलेले असतात. त्यामुळे वाटी दिसली म्हणून पेरिऑफ्थॅल्मस बाद होत नाही. रंगावर विसंबणे त्याहून धोक्याचे आहे. जिवंतपणी चमकणारे निळे ठिपके अल्कोहोलमध्ये नाहीसे होतात, म्हणून रंगाची नोंद हवी असेल तर जिवंत माशाचे छायाचित्र काढावे आणि वंश ठरवताना ते बाजूला ठेवावे.

पहिली भक्कम खूण म्हणजे पाठीवरचा दुसरा पर. बोलिऑफ्थॅल्मसमध्ये त्याचा तळ लांब असून त्यात वीसहून अधिक, बहुधा पंचवीसच्या आसपास अर (पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या) असतात. पेरिऑफ्थॅल्मसमध्ये तो आखूड असून अरांची संख्या सहसा चौदाच्या पुढे जात नाही. मोजणी करण्यासाठी पर थर्मोकोलवर टाचण्यांनी पसरावा, ब्रशने फॉर्मॅलिन लावून कडक होऊ द्यावा आणि शेवटचा अर मुळापासून दुभंगलेला असेल तर तो एकच धरावा. पहिल्या परावर मात्र भर देऊ नये, कारण त्याच्या काट्यांची लांब टोके जाळ्यात आणि बरणीत हमखास तुटतात.

आता दात. याच पायरीशी मी सर्वांत जास्त झगडलो आणि याच पायरीवर बहुतेक जण हात टेकतात. पेरिऑफ्थॅल्मसचे खालच्या जबड्यातले दात उभे असतात, कारण तो लहान खेकडे, कीटक आणि कृमी पकडून खाणारा शिकारी आहे. बोलिऑफ्थॅल्मसचे खालचे दात जवळजवळ आडवे, पुढे झुकलेले असतात. वखराची पास जशी जमिनीच्या वरच्या थरातून आडवी सरकते तसा हा मासा डोके डावीकडून उजवीकडे फिरवत चिखलावरची डायटम या सूक्ष्म शैवालाची साय खरवडून खातो. शिवाय खालच्या जबड्याचे दोन भाग समोर जिथे जुळतात, तिथे आतल्या बाजूस दोन्हीकडे एकेक सुळा असतो. पेरिऑफ्थॅल्मसमध्ये असे सुळे नसतात.

अडचण अशी की समोरून पाहिले तर आडवे दात टोकाकडून दिसतात, म्हणजे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि निरीक्षक ‘दात नाहीत’ किंवा ‘दात बारीक आहेत’ अशी नोंद करून मोकळा होतो. समोरून कधीही पाहू नये. मासा कुशीवर ठेवून बोथट सुईने खालचा ओठ हळूच खाली ओढावा, मऊ ब्रशने दातांमधला चिखल काढावा, रबरी फुग्याने हवा मारून ओलसरपणा घालवावा आणि उजेड एका बाजूने, तिरका पाडावा. ओल्या दातांवर वरून पडलेला प्रकाश इतका चमकतो की दहापट भिंगातूनही काही कळत नाही. तिरक्या उजेडात मात्र प्रत्येक दाताची सावली पडते आणि तो उभा आहे की आडवा हे लगेच समजते. त्यानंतर तोंडात वरून पाहून आतले सुळे शोधावेत.

फॉर्मॅलिनमध्ये जबडा घट्ट मिटलेला नमुना चिमट्याने उघडण्याचा हट्ट कुणीही करू नये. चिमट्याने आधी नेमके तेच सुळे मोडतात ज्यांच्यावर सगळी ओळख अवलंबून आहे, आणि मग तो नमुना कायमचा संशयास्पद राहतो. मासा रात्रभर साध्या पाण्यात ठेवावा. तरीही जबडा हलला नाही तर उजव्या बाजूने तोंडाचा कोपरा थोडा कापावा. डावी बाजू छायाचित्रासाठी आणि मोजमापासाठी अखंड ठेवण्याची पद्धत आहे, ती मोडू नये. नमुना स्वतः तयार करत असाल तर ही कटकट टाळता येते: लवंग तेलाने मासा मारल्यावर, फॉर्मॅलिनमध्ये सोडण्याआधी, जबड्यांमध्ये कापसाचा छोटा बोळा ठेवावा.

लांब पर आणि आडवे दात दोन्ही मिळाले तरी एक शंका उरते, कारण स्कार्टेलाओस या वंशातही ही लक्षणे जवळपास तशीच असतात. त्यासाठी हनुवटीची खालची बाजू भिंगाखाली पाहावी. तिथे लहान लहान मिशा असतील आणि अंग सडपातळ असेल तर तो स्कार्टेलाओस; मिशा नसतील तर बोलिऑफ्थॅल्मस. नमुना बंगालच्या बाजूचा असेल आणि दात उभे असतील तर वरचा जबडाही तपासावा, कारण दातांची एक रांग असल्यास पेरिऑफ्थॅल्मस आणि दोन असल्यास पेरिऑफ्थॅल्मोडॉन ठरतो. या गटाची १९८९ मध्ये एडवर्ड मर्डी यांनी जी फेरमांडणी केली, तिच्यातही वंशांची विभागणी करताना दातांना असेच महत्त्व दिले आहे.

चिठ्ठीवर वंशाचे नाव, ठिकाण, तारीख, दुसऱ्या परातील अरांची संख्या आणि ‘खालचे दात आडवे, सुळे आहेत, मिशा नाहीत’ अशी पाहिलेली लक्षणे पेन्सिलीने लिहावीत, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. जातीचे नाव खवल्यांची मोजणी झाल्याशिवाय लिहू नये. तोवर ‘बोलिऑफ्थॅल्मस, जाती अनिश्चित’ एवढेच लिहून चिठ्ठी बरणीच्या आत टाकावी, कारण बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.