फिट चाचणीची कट-ऑफ मर्यादा ठरवताना या चुका टाळा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणी मोहिमेत फिट (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) चाचणीने शौचाच्या नमुन्यातील हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताचा अंश, मोजले जाते आणि ते ठरावीक मर्यादेला पोहोचले की त्या व्यक्तीला कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठे आतडे आतून तपासण्यासाठी, बोलावले जाते. ही मर्यादा शरीरानेच आखून दिली आहे असे समजणे, ही बाकीच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी असलेली चूक आहे. नेदरलँड्समध्ये 2014 साली मोहीम सुरू झाली तेव्हा मर्यादा दर ग्रॅम शौचामागे 15 मायक्रोग्रॅम होती. पण पॉझिटिव्ह येणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा खूपच वाढून कोलोनोस्कोपीची यंत्रणा अपुरी पडू लागली, तेव्हा त्याच वर्षी ती 47 करण्यात आली. लोकांची आतडी तीच होती, आकडा मात्र तिप्पट झाला.

सर्वांना एकच मर्यादा लावली की सर्वांना समान न्याय मिळतो, हा समजही फसवा आहे. पुरुषांच्या शौचात हिमोग्लोबिनचे प्रमाण सरासरीने अधिक असते आणि वयानुसारही ते वाढते, त्यामुळे सामाईक मर्यादेखाली स्त्रियांमधील कर्करोग निसटण्याची शक्यता जास्त राहते. फिनलंडने 2019 मध्ये स्त्रियांसाठी 25 आणि पुरुषांसाठी 70 मायक्रोग्रॅम अशी वेगळी मर्यादा ठेवली ती यासाठीच. तथापि, दोन्ही गटांतील पॉझिटिव्हचे प्रमाण सारखे यावे एवढ्यासाठीच स्त्रियांची मर्यादा खाली आणणे ही उलट दिशेची चूक ठरते, कारण त्याच वयाच्या स्त्रियांमध्ये हा रोग कमी आढळत असल्याने, काहीच न सापडणाऱ्या कोलोनोस्कोपींचा भार त्यांच्यावर अधिक पडतो. पॉझिटिव्हचे प्रमाण, कर्करोग पकडण्याची क्षमता आणि पॉझिटिव्ह व्यक्तीला खरोखर रोग असण्याची शक्यता, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी समान करता येत नाहीत. कोणती समान करायची, हे आकड्याला हात लावण्यापूर्वीच ठरवावे लागते.

एककांचा घोळ अगदी साधा असला तरी महागात पडतो. 10 मिलिग्रॅम शौच 2 मिलिलिटर द्रावणात मिसळणाऱ्या किटमध्ये द्रावणात दर मिलिलिटर 100 नॅनोग्रॅम हिमोग्लोबिन म्हणजे शौचात दर ग्रॅम 20 मायक्रोग्रॅम. दुसऱ्या किटला हे गणित लागू पडेलच असे नाही.

लक्षणे असलेल्या रुग्णाला मोहिमेची मर्यादा लावणे सर्वांत धोक्याचे. इंग्लंडमध्ये 2019 साली मोहिमेत फिट चाचणी आली ती 120 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेसह; लक्षणे असलेल्यांसाठी मात्र तेथील मार्गदर्शक सूचना 10 चा आकडा सांगतात. म्हणून मोहिमेतला निगेटिव्ह अहवाल हाती असला, तरी शौचातून रक्त जाणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक धोका असलेल्यांसाठी तर मर्यादेचा खल करण्याऐवजी नियमित कोलोनोस्कोपीच करावी लागते.

उन्हाळ्यात पॉझिटिव्हचे प्रमाण एकाएकी घसरले, तर लगेच मर्यादा बदलू नये. उष्णतेने नमुन्यातील हिमोग्लोबिन विघटित होते. म्हणून नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत किती दिवस गेले आणि तो कोणत्या तापमानात राहिला, हे आधी तपासावे.