रद्दीच्या पिशव्या, एका हाताने

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) किंवा पक्षाघातामुळे एकच हात नीट चालत असेल, तर रद्दी कागदाच्या पिशव्या करताना आधी कागद हलू देऊ नका. टेबलावर रबरी मॅट, त्यावर कागद, कागदावर पुठ्ठ्याचा साचा आणि साच्यावर किलोभराचं वजन. साच्याच्या कडेने घडी सरळ येते.

खळीसाठी 1 वाटी मैदा, 4 वाट्या पाणी. गुठळ्या मोडून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. पातळ राहिली की कागद भिजून फाटतो आणि काम करणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकलं. खळ टिकावी म्हणून मोरचूद घालू नका, ते विषारी आहे. खळ रोज ताजी करा. ब्रशच्या दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की पकड जाड होते.

छपाईच्या शाईमुळे या पिशव्या खाद्यपदार्थांसाठी देऊ नका. मजुरी तासावर द्या, नगावर नको.