रोलर ब्रेकची केबल दोनदा ताणायची वेळ येऊ नये म्हणून

सायकलच्या रोलर ब्रेकला (चाकाच्या मध्यभागी बसणारा बंद ब्रेक) नवी केबल घालून तो नीट जुळवला, तरी दोन दिवसांत लिव्हर ढिला पडतो. कारण केबल आणि तिचं आवरण अजून जागेवर बसलेलं नसतं.

म्हणून केबल जोडली की आधी लिव्हर हँडलपर्यंत दहा वेळा जोरात दाबा. मगच अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवा. लिव्हरला ब्रेक लागायच्या आधी साधारण १५ मिमी मोकळी चाल हवी. चाक उचलून हाताने फिरवा, अडखळता कामा नये. मग अ‍ॅडजस्टर जागेवर धरून ठेवणारा लॉकनट घट्ट करा.

ब्रेकचा लांब दांडा फ्रेमला क्लिपने पक्का आवळलाय ना, हे मात्र दोनदा बघा. ब्रेकचा सगळा जोर त्याच्यावरच येतो.

आवाज आला तर आत तेल सोडू नका. रोलर ब्रेकचंच ग्रीस लागतं. उतारावरून आल्या आल्या ब्रेकला हात लावू नका, चटका बसतो.