पावसाळ्यात कोंड्याचं माप वाढवताय? शिंगरांच्या पायांकडे बघा

पाऊस लागला की घोड्याची शिंगरं तबेल्यात अडकतात. चरणं बंद होतं आणि पोट भरावं म्हणून कोंड्याचं माप वाढतं. चार-आठ दिवसांनी उघडीप मिळते, तेव्हा तीच शिंगरं निसरड्या रानात मोकळी सोडली जातात. पाय मोडतात ते याच दिवसांत. मालक चिखलाला बोल लावतो, पण पोकळ झालेल्या हाडाला चिखल हे फक्त निमित्त मिळतं. वर्षानुवर्षं बघतोय, चूक एकच असते: कोंडा घालतात आणि कॅल्शियमचा हिशेब करत नाहीत.

हिशेब अवघड नाही. एक किलो गव्हाच्या कोंड्यात 11-12 ग्रॅम फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम जेमतेम दीड ग्रॅम. वाढत्या शिंगराच्या एकूण आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं लागतं. मोठेपणी पाचशे किलोपर्यंत भरणाऱ्या जातीच्या सहा महिन्यांच्या शिंगराला दिवसाला साधारण 39 ग्रॅम कॅल्शियम आणि 21-22 ग्रॅम फॉस्फरस लागतो. प्रमाण उलटं झालं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून ओढून काढतं. म्हणून रक्त तपासलं तर कॅल्शियम बहुधा ठीकच दिसतं आणि मालक निर्धास्त होतो. आत हाड झिजत असतं. जनावर आज या पायाने लंगडतं, उद्या त्या पायाने. पुढे चेहऱ्याची हाडं सुजतात, दात हलतात. तिथवर गेलं तर फार उशीर झाला म्हणून समजा.

उपाय साधा आहे. कोंड्याच्या प्रत्येक किलोमागे 40-45 ग्रॅम चुनखडीची बारीक पूड द्या. ही पूड खाद्य दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट असावी, त्यात 38 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. ओट किंवा जवाच्या चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, किलोमागे 12-15 ग्रॅम पुरे. पूड पाणी शिंपडून कालवा, नाहीतर ती तोबऱ्याच्या, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीच्या, तळाशी राहते. भिंतीला लावायचा चुना किंवा कळीचा चुना चुकूनही देऊ नका, तोंड आणि अन्ननळी भाजते.

दुकानदार इथे दोन गोष्टी गळ्यात मारतो. एक डायकॅल्शियम फॉस्फेट. त्यात फॉस्फरसही भरपूर असतो, म्हणजे कोंड्याने बिघडवलेलं प्रमाण त्याने दुरुस्त होत नाही. दुसरी चीज रंगीत बाटलीतलं टॉनिक. लेबल वाचा. 100 मिलीत दोन ग्रॅम कॅल्शियम असेल, तर एका किलो कोंड्याची तूट भरायला जवळपास पाऊण लिटर ओतावं लागेल. वर ‘ड’ जीवनसत्त्वाचा मारा असेल तर अतिरेकाने विषबाधा होते ती वेगळीच. मूठभर पुडीत जे काम होतं त्यासाठी बाटली कशाला?

हिरव्या चाऱ्यातही एक मेख आहे. हत्ती गवत, गिनी गवत, सेटारिया यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला आतड्यातच बांधून ठेवतं. नुसत्या या गवतावर कोंडा म्हणजे दुहेरी मार. जोडीला लसूणघास द्या. त्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या पाचपट-सहापट असतं.

सांध्यांचे सगळे विकार कोंड्यावर ढकलणार नाही. कूर्चेचं हाड नीट न बनण्याच्या रोगात वंश, भराभर वाढ, जादा चंदी आणि तांब्याची कमतरता यांचा वाटा असतो. पण बाजारात शिंगरू भरदार दिसावं म्हणून तोबरा दाबून भरणारेही तेच, आणि चुनखडी विसरणारेही तेच. फेटलॉक (खुराच्या वरचा घोट्यासारखा सांधा) किंवा पुढच्या गुडघ्याच्या वर गाठीसारखी सूज दिसली, तर त्याच दिवशी चंदी कमी करा आणि पशुवैद्यांना दाखवा. फेटलॉकपासून पाय वाकडा असेल तर दुरुस्तीची संधी जन्मानंतर दोन-तीन महिन्यांचीच, कारण तिथली वाढ लवकर मंदावते. गुडघ्यापासून वाकडा असेल तर थोडा जास्त वेळ मिळतो.

माझा एक ठोकताळा: सकाळी बाहेर काढल्यावर पहिली वीस-पंचवीस पावलं बघायची. जे शिंगरू एरवी उधळतं आणि आज मोजून पाऊल टाकतं, त्याला त्या दिवशी रानात सोडत नाही. शास्त्र काय म्हणतं ठाऊक नाही, मी पाळतो.

नेहमीची कामं:
- खूर दर 4-6 आठवड्यांनी नालबंदाकडून
- शेण तपासून जंतनाशक
- कोरडी बैठक, स्वच्छ पाणी
- महिन्याला छातीच्या घेराची नोंद
- बुरशी आलेला कोंडा फेकून देणे

शिंगरू अडकून राहिल्यावर एकदम मोठ्या रानात सोडू नका. घोडी मोकळेपणाने धावते, तिच्या मागे दमून पळणाऱ्या दोन महिन्यांखालच्या शिंगराची फेटलॉकमागची छोटी हाडं मोडतात. आधी लहान आवारात, रोज थोडं थोडं. सतत बांधून ठेवणंही वाईटच, हलकी धावपळ नसेल तर हाड घट्ट होत नाही.

आणि मोडलाच तर चालवून बघू नका. वेदनाशामक देऊन पायावर भार टाकायला तर मुळीच लावू नका. नळीच्या (फेटलॉकच्या वरच्या लांब हाडाच्या) खालच्या टोकाशी किंवा त्याखाली मोडलं असेल, तर कापसाचा जाड थर गुंडाळा आणि खूर टाचेकडून उचलून पुढच्या टोकावर येईल असा धरा, म्हणजे हाडांच्या पुढच्या बाजू एका रेषेत येतात. मग फळी बांधा: पुढच्या पायाला समोरून, मागच्या पायाला मागून. मोड त्याहून वर असेल तर फळी मोडाच्या वरच्या सांध्यापलीकडे न्यावी लागते, ते पशुवैद्यांवर सोडा. गाडीत पुढचा पाय मोडलेलं जनावर मागे तोंड करून उभं करा, मागचा मोडला असेल तर पुढे तोंड करून, म्हणजे ब्रेक लागला की भार चांगल्या पायांवर येतो. दूध पिणारं शिंगरू असेल तर घोडीलाही त्याच गाडीत घ्या, मधे आडवी फळी टाकून. ती नजरेआड झाली की ते उधळतं आणि बांधलेली फळी सैल होते.