द गुड प्लेस ही मेल्यानंतरच्या जगावरची अमेरिकन कॉमेडी सिरीज ग्रुपने बघताय? मग गप्पा अशा मारा

सगळ्यात आधी कोण कुठवर पोचलंय ते विचारा, कारण पहिल्या सीझनच्या 13व्या एपिसोडचा धक्का कोणी आधीच फोडला ना तर नव्या माणसाची अख्खी मजा जाते, आमच्या वाशीच्या ग्रुपमध्ये तर एकाचा जरी राहिला असेल तरी पुढचा विषयच काढत नाही. तो झाला की पहिला एपिसोड परत लावा आणि मायकलकडे बघत रहा, या रोलमध्ये टेड डॅन्सनने काय काम केलंय यार, प्रत्येक हसण्याचा अर्थच बदलतो!

मग पाप-पुण्य. 'चांगलं म्हणजे काय' असं मोघम विचारू नका, सगळे चित्रगुप्तावर घसरतात. त्यापेक्षा दुसऱ्या सीझनमधला ट्रॉलीचा, म्हणजे ट्रामचा एपिसोड घ्या, ब्रेक फेल, समोर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक, ट्राम वळवायची का? प्रत्येकाने आधी उत्तर कागदावर लिहायचं, नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याच्याच मागे सगळे जातात.

सगळ्यात जास्त रंगतो तो सिरीजमधल्या तहानीचा मुद्दा: तिने दानासाठी ढीगभर पैसा उभा केला पण बहिणीपेक्षा भारी दिसायला, मग पुण्य मिळावं का? इथे सोसायटीच्या गणपतीतला देणगीदारांच्या नावांचा बोर्ड नक्की निघतो, निघू द्या, फक्त कोणा शेजाऱ्याचं नाव घ्यायचं नाही.